काळ आणि वेळ

अतिदक्षता विभागातून रुग्ण सुखरूप बाहेर आला, की त्याचे नातेवाईक हमखास म्हणतात, "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती." चाळीस वर्षांच्या व्यवसायात हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले. उद्योगजगतालाही या 'वेळे'चा नियम लागू पडतो, हे मात्र मला फार उशिरा उमगले.

सन २००१ मधील गोष्ट. माझ्या अभियंता भाच्याने इंदूरमध्ये एक छोटी कंपनी काढली. माळव्यातील गावोगावच्या दवाखान्यांतून क्ष-किरण चित्रे संगणकाद्वारे शहरातील तज्ज्ञांकडे पाठवायची आणि त्याच दिवशी सल्ला मिळवून द्यायचा, ही त्याची कल्पना. मीही दोन लाख रुपये घातले. परंतु टेलिफोनच्या तारेवरून एक चित्र यायला पाऊण तास लागे. मध्येच लाइन तुटे, नाही तर गावातली वीज जाई. दोन वर्षांत कंपनी बंद पडली. "पोरगा हुशार, पण व्यवहारज्ञान शून्य," असा निकाल मी एका मुंजीच्या पंगतीत सर्वांदेखत देऊन टाकला. तो काही बोलला नाही. पुढे पुण्याला नोकरीवर निघून गेला.

निवृत्तीनंतर संगणकयुगाचा इतिहास वाचू लागलो आणि स्वतःच्या निदानाविषयी शंका येऊ लागली. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये छोट्या संगणकांसाठी 'सीपी/एम' ही कार्यप्रणाली लिहिली. विद्वत्तेत ते कोणाहून उणे नव्हते. १९८० मध्ये आयबीएमला आपल्या नव्या संगणकासाठी प्रणाली हवी होती; किल्डॉल यांच्या कंपनीशी बोलणी जुळली नाहीत. बिल गेट्स यांच्या मायक्रोसॉफ्टने टिम पॅटरसन या अभियंत्याने लिहिलेली प्रणाली सिएटलच्या एका कंपनीकडून विकत घेतली, सुधारली आणि आयबीएमला पुरवली. इतर उत्पादकांना ती देण्याचा हक्क मात्र स्वतःकडे राखला. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी जाहीर झाला. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे.

ॲपलचेच पाहा. १९९३ मध्ये त्यांनी 'न्यूटन' हा हातात मावणारा संगणक आणला. त्याच्या हस्ताक्षर-वाचनाची थट्टा झाली आणि १९९८ मध्ये तो बंद करावा लागला. २००७ मध्ये त्याच कंपनीचा आयफोन आला, तेव्हा स्पर्शपडदा, बॅटरी आणि मोबाइलचे जाळे या तिन्ही गोष्टी सिद्ध होत्या.

आपणा डॉक्टरांना यात नवल वाटू नये. हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या काही तासांत दिले तर रुग्ण वाचतो. तेच औषध, तीच मात्रा दुसऱ्या दिवशी दिली तर उपयोग होत नाही. औषधाचा गुण वेळेवर अवलंबून असतो.

याचा अर्थ सारे नशिबावर सोडावे असा नाही. गेट्स १९६८ पासून, शाळकरी वयातच, संगणकावर बसत होते. तेव्हा शाळेत संगणकाची सोय मिळणे हे भाग्य. त्यावर रात्रंदिवस राबणे हे कर्तृत्व. पण यशस्वी माणसाच्या चरित्रात आपण कर्तृत्व तेवढे वाचतो, आणि अपयशी माणसाला अक्कल नव्हती असे ठरवून मोकळे होतो.

२५ मार्च २०२० रोजी भारत सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. टाळेबंदीत घरी बसून मी मोबाइलवर जुन्या रुग्णांचे अहवाल पाहत होतो. चित्रे क्षणार्धात उघडत होती. तिसऱ्या दिवशी न राहवून मी भाच्याला फोन केला आणि त्या पंगतीतल्या शब्दांबद्दल क्षमा मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, पैसे बुडाल्याचं तुम्ही कधीच बोलला नाहीत. पण ते वाक्य मात्र माझ्या फार दिवस लक्षात राहिलं."

आपल्या समाजातील तरुण डॉक्टर आज नवनव्या कल्पना घेऊन ज्येष्ठांकडे येतात. त्यांना अवश्य प्रश्न विचारावेत. रस्ता, वीज, पैसा, रुग्णाची तयारी, सारे तपासावे. मात्र एखाद्याचा डाव फसला, तर निदान करण्याची घाई करू नये, एवढीच नम्र विनंती.