केसांआधी जमीन पाहा

टक्कल हा आपल्याकडे थट्टेचा विषय. केस गेले की पैसा येतो, असं म्हणून वडीलधारी माणसं समजूत काढतात. पण लग्नाला उभ्या राहिलेल्या मुलाला ती थट्टा आतवर लागते. दोन स्थळांनी नकार दिल्यावर माझा भाचा म्हणाला, "मामू, कर्ज काढीन, पण केस लावून घेईन." खर्च किती, केस किती बसतील, हे सारं त्याने विचारून ठेवलं होतं. ते जिथे बसायचे, त्या डोक्याच्या कातडीविषयी मात्र एक प्रश्न नाही.

आम्ही कोकणातली माणसं. भाताची लावणी करताना आधी जमीन बघतो. केशरोपण ही लावणीच आहे. डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या भागातले केस सहसा गळत नाहीत. ते मुळासकट काढून पुढे लावतात. नॉर्मन ऑरेनट्राईख या अमेरिकन डॉक्टरांनी १९५९ साली दाखवून दिलं, की असा केस नव्या जागीही मूळ जागेचा गुण राखतो. सासरी गेलेल्या लेकीने माहेरचं वळण राखावं, तसा. पण जिथून मूळ काढलं, तिथे पुन्हा पीक नाही. म्हणून हे भांडवल जपूनच वापरायचं.

आता कातडीकडे येऊ. मागून कातडीची पट्टी काढून टाके घालणं, ही एक पद्धत. कातडी सैल असेल तर जखमेच्या कडा सहज जुळतात आणि व्रण बारीक राहतो. ती घट्ट असेल तर टाक्यांवर ताण येतो, व्रण रुंदावतो. डॉक्टर बोटांनी कातडी वरखाली सरकवून पाहतात, ते याचसाठी. दुसऱ्या पद्धतीत एकेक मूळ कोरून काढतात. त्यात लांब व्रण नसतो, पण ठिपके राहतात. कुरळ्या केसाचं मूळ कातडीखालीही वळलेलं असतं, ते कोरताना तुटू शकतं. तोच केस नीट लागला, तर सरळ केसापेक्षा अधिक जागा झाकतो.

रंगाचंही तसंच. गोऱ्या कातडीवर काळे केस विरळ असले की मधली जागा चमकते. सावळ्या कातडीवर तेवढेच केस दाट वाटतात. लग्नाच्या बाजारात नाकारला जाणारा रंग इथे उपयोगी पडतो!

डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर. म्हणून साधी खोकही भळाभळा वाहते आणि लवकर भरूनही येते. नवं मूळ या रक्तावरच जगतं. धूम्रपानाने रक्तवाहिन्या आकसतात, ताब्यात नसलेल्या मधुमेहाने जखम रेंगाळते. भाजल्याच्या जुन्या व्रणात रक्त कमी पोचतं, तिथे मुळं कमी धरतात. जखमेवर जाड, वाढत जाणारा वण उठण्याची ज्यांची प्रकृती आहे, त्यांनी ते आधीच सांगावं. आणि चाई किंवा कातडीचा दुसरा एखादा आजार चालू असेल, तर आधी त्याचा इलाज करायचा.

खपल्या साधारण आठ-दहा दिवसांत पडतात. दोन ते चार आठवड्यांत लावलेले केसही गळू लागतात. इथे बरेच जण हाय खातात. पण मूळ आत शाबूत असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे केस येऊ लागतात आणि खरं रूप दिसायला वर्ष लागतं. तेव्हा साखरपुड्याच्या महिनाभर आधी धावपळ करण्यात अर्थ नाही. शिवाय पंचविशीत पुढचे केस लावले आणि जुने गळतच राहिले, तर मध्ये ओसाड पट्टा उरतो.

ही शस्त्रक्रिया आहे, केशकर्तनालयातलं काम नव्हे. ती प्रशिक्षित डॉक्टरांनीच करावी, नुसते व्हिडिओ पाहून ती शिकता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली बजावलं आहे. तेव्हा दर विचारण्याआधी विचारा: माझी कातडी सैल की घट्ट? मागे केस किती आहेत? पुढे आणखी गळाले, तर हाताशी काय उरेल? जो डॉक्टर डोक्याला हात न लावताच केसांचा आकडा सांगतो, त्याच्याकडून उठून यावं. आणि जो तपासून "तुम्हाला हे जमणार नाही" म्हणतो, त्याचे आभार मानावेत.