‘रिअर विंडो’मधला ताण

आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’चा (१९५४) छायाचित्रकार नायक जेफ पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे चाकांच्या खुर्चीत अडकला आहे. कॅमेराही बहुतेक वेळ त्याच्याच खोलीत राहतो, म्हणून समोरच्या घरांतलं त्याला दिसेल तेवढंच आपल्याला दिसतं. समोरच्या थॉरवाल्डने बायकोचा खून केल्याचा जेफला संशय आहे. पुरावा शोधायला जेफची प्रेयसी लिसा त्याच्या घरात शिरते. थॉरवाल्ड परतताना आपल्याला दिसतो, तिला नाही. इथे रहस्य काहीच नाही. आपल्याला आधी कळतं आणि काही करता येत नाही, ताण त्यातूनच येतो. पण सर्वांत जबरदस्त क्षण त्यापुढचा. पोलीस आल्यावर लिसा पाठीमागे हात धरून बोटातली थॉरवाल्डच्या बायकोची अंगठी जेफला दाखवते. थॉरवाल्ड ती खूण हेरतो आणि त्याची नजर थेट आपल्याकडे वळते. आता तो इकडेच येणार, आणि जेफकडे बचावाला फक्त फ्लॅशचे बल्ब!