गुळवेल, यकृत आणि उतारवय

छत्तीसगडमध्ये जिला गिलोय म्हणतात, ती गुळवेल भिलाईच्या नेहरू नगरातील मराठी घरांना नवी नाही. कडुनिंबावर चढलेली वेल अधिक गुणकारी, हा समजही जुनाच. २०२० च्या कोविडकाळात मात्र ‘प्रतिकारशक्ती वाढते’ एवढ्या भरवशावर देशभर अनेक ज्येष्ठांनी तिचा काढा नित्यनेमाने घेतला.

या भरवशाला मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात एक शास्त्रीय आधार मिळाला होता. डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. निर्मला रेगे व सहकाऱ्यांनी पित्तमार्ग अडल्याने कावीळ झालेल्या ३० रुग्णांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. अशा रुग्णांत यकृताबरोबर प्रतिकारशक्तीही ढासळते. केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटातील निम्म्या रुग्णांत रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची लक्षणे दिसली. जोडीला गुळवेल दिलेल्या गटात एकातही नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गटातील ४० टक्के, तर दुसऱ्यातील ९२.४ टक्के रुग्ण वाचले. विशेष म्हणजे यकृताचे कार्य दोन्ही गटांत सारखेच राहिले. फरक पडला तो जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या बळात. रुग्णसंख्या लहान होती, हेही नोंदवावयास हवे.

वार्धक्याचे संशोधन अन्य वाटांनीही चालले आहे. सेंट पीटर्सबर्गचे व्लादिमीर खाविन्सन यांनी चार अमिनो आम्लांचे ‘लिव्हाजेन’ हे कृत्रिम पेप्टाइड अभ्यासिले. वृद्धांच्या लसिकापेशींत घट्ट गुंडाळलेले गुणसूत्रद्रव्य त्यामुळे सैल होते, असे प्रयोगशाळेत दिसले. परंतु काचपात्रातील पेशी म्हणजे माणूस नव्हे.

गुळवेल तर थेट स्वयंपाकघरात पोचली. २०२१ मध्ये मुंबईच्याच यकृततज्ज्ञांनी ती घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. वेलीची नेमकी ओळख पटवलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. तो अगदीच गैरलागू नव्हता, कारण तिच्यासारख्या दिसणाऱ्या वेली आहेत. पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास आला. त्यांत प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटल्याची चिन्हे होती. सेवनाला आरंभ झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता.

वरवर पाहता हे १९९३ च्या निष्कर्षाच्या विरुद्ध भासते. तसे ते नाही. खचलेल्या पेशींना चेतविणारी वनस्पती आधीच बिथरलेल्या पेशींनाही चेतवू शकते. २०२२ च्या अभ्यासातील मृत्यू पावलेले सर्व रुग्ण जुनाट यकृतविकाराचे होते, आणि असा विकार वर्षानुवर्षे लक्षणांवाचून दडून राहतो.