स्क्रिप्टिंग भाषांतील सिस्टीम कॉल आणि संरचित माहिती : 'स्टॅट'च्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

ऑपरेटिंग सिस्टीमकडून आज्ञावलीला मिळणारे उत्तर नेहमीच एका संख्येत मावणारे नसते. युनिक्समधील 'स्टॅट' हा सिस्टीम कॉल फाईलचा आकार, मालक, परवानग्या, शेवटच्या बदलाची वेळ इत्यादी तपशील एकत्रितपणे पुरवितो. सी भाषेत हे तपशील एका 'स्ट्रक्चर'मध्ये भरले जातात व त्यातील प्रत्येक घटकास स्वतंत्र नाव असते. स्क्रिप्टिंग भाषेत हीच माहिती कोणत्या रूपात परत द्यावी, हा भाषेच्या रचनाकारापुढील महत्त्वाचा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात पर्ल व पायथॉन या भाषांच्या आधारे त्याचे विवेचन केले आहे.

स्थानाधारित रचना :

लॅरी वॉल यांच्या पर्ल (१९८७) या भाषेत 'स्टॅट' १३ घटकांची यादी देते. कॉल अयशस्वी झाल्यास यादी रिकामी असते. ग्विडो व्हॅन रॉसम यांच्या पायथॉन (१९९१) या भाषेत पूर्वी १० घटकांचे साधे टपल मिळत असे. दोन्ही भाषांत मोजणी शून्यापासून होते. मात्र फाईलचा आकार पर्लमध्ये क्रमांक ७ वर, तर पायथॉनमध्ये क्रमांक ६ वर आहे. पर्लच्या सवयीने पायथॉनमध्ये ७ लिहिल्यास आकाराऐवजी फाईल शेवटची वाचली गेल्याची वेळ हाती येते. दोन्ही पूर्णांकच असल्यामुळे चुकीचा कोणताही संदेश येत नाही. आज्ञावली सुरळीत चालते. निष्कर्ष मात्र चुकतो.

नामाधारित रचना :

२००१ मध्ये पायथॉन २.२ या आवृत्तीत हेच घटक नावानेही वाचण्याची सोय झाली. टपलची लांबी १० च ठेवण्यात आली. त्यामुळे दहा घटक दहा चलांत घेणाऱ्या जुन्या आज्ञावली अबाधित राहिल्या. अतिरिक्त घटक केवळ नावाने उपलब्ध करण्यात आले.

वेळेच्या बाबतीत या रचनेचा लाभ विशेष जाणवतो. क्रमांकाने वाचल्यास वेळ पूर्ण सेकंदांत, तर नावाने वाचल्यास अपूर्णांकासह मिळते. परंतु अपूर्णांकी संख्येची अचूकता ५३ बिटांपुरती असल्याने १९७० पासून मोजलेली आजची वेळ नॅनोसेकंदापर्यंत तीत नेमकी साठविता येत नाही. म्हणून २०१२ मध्ये पायथॉन ३.३ मध्ये नॅनोसेकंद पूर्णांकात देणारे नवे नाव जोडले गेले. जुन्या नावांचा अर्थ त्यामुळे बदलला नाही.

समारोप :

परत दिलेल्या माहितीचे रूप हा वापरकर्त्याशी केलेला करारच असतो. स्थानावर आधारलेल्या करारात मधे नवा घटक घातल्यास पुढील सर्व क्रमांकांचा अर्थ बदलतो. नावावर आधारलेल्या करारात नवी भर घालूनही जुने वचन पाळता येते. सिस्टीम कॉल शिकविताना विद्यार्थ्यांना कोणता क्रमांक वापरावा हे सांगण्यापूर्वी मुळात क्रमांक का टाळावा, हे सांगणे म्हणूनच अधिक आवश्यक ठरते.