तात्पुरती जागा, पक्का कागद

जून उजाडला की आमच्या भाचीच्या दारात चपलांचा ढीग पडतो. ती बी.कॉम. झालेली, आयकर विवरणपत्रे आणि जीएसटीची कामे घरातून करते. मुंब्र्याच्या कौसा भागात दोन खोल्यांचे घर. बाहेरच्या खोलीत रिक्षावाले, बेकरीवाले, शिक्षक आपापले कागद घेऊन बसलेले. आतल्या खोलीत आजारी सासूबाई. लोक उठेपर्यंत त्यांना हमामात जायचीही चोरी. गेल्या वर्षी भाची आम्हाला म्हणाली, "खाला, वर्षभराचे ऑफिस मला परवडणार नाही. जून ते सप्टेंबर एक टेबल टाकण्यापुरती जागा मिळाली तरी पुरे."

ओळखीतल्या एकाचा गाळा रिकामा होता. महिना 8,000 रुपये भाडे, 25,000 रुपये अनामत. आम्हीच मध्ये पडून बोलणी केली. "आपलेच लोक आहेत, चार महिन्यांसाठी कागद कशाला?" असे मालक म्हणाले आणि आम्हीही मान डोलावली. पैसे रोख दिले, पावती घेतली नाही.

जुलैच्या मध्यात, ऐन गर्दीत, मालकांना वर्षभरासाठी भाडेकरू मिळाला. आठवड्यात जागा सोडा, असा निरोप आला. अनामतीबद्दल विचारले तेव्हा उत्तर मिळाले की ती पैसे रंगकामात आणि विजेच्या बिलात गेले. आम्ही भेटायला गेलो, तर आम्हालाच विचारले, "किती दिले होते, लिहिलेले आहे का कुठे?" रोज मुलांना वही नीट लिहा म्हणून सांगणारे आम्ही तिथे गप्प बसलो. मोहल्ल्यातल्या दोन बुजुर्गांनी मध्यस्थी केली म्हणून 10,000 रुपये परत आले. बाकीचे 15,000 अजून यायचे आहेत.

अकरा महिन्यांचा गैरसमज

नंतर चौकशी केली तेव्हा आमचे अज्ञान आम्हाला कळले. करार अकरा महिन्यांचा किंवा त्याहून कमी असेल तर नोंदणी लागत नाही, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. महाराष्ट्रात तो खरा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आणि नोंदलेला करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत जागा घेणाऱ्याचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. म्हणजे कायदा भाचीच्या बाजूने होता, आणि आम्ही मात्र मान खाली घालून परत आलो होतो.

खर्चाची भीतीही फुकाची निघाली. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामतीवरचे मानीव व्याज यांच्या 0.25 टक्के असते. चार महिन्यांच्या अशा व्यवहाराला ते शंभर रुपयांच्या आसपास येते. शहरी भागात नोंदणी फी 1,000 रुपये. आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा देऊन नोंदणी ऑनलाइन होते. एजंट घरी येऊन करून देतो, त्याची मजुरी वेगळी. 25,000 रुपये धोक्यात घालण्यापेक्षा हे स्वस्तच.

आणि कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, हे तरी आपण कुठून शिकलो? सूरह बकरहची 282वी आयत ही कुरआनातील सर्वांत मोठी आयत. ती आहे मुदतीच्या देण्याघेण्याबद्दल: व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका. हातोहात होणाऱ्या सौद्याला तिथे सवलत आहे. पण अनामत हातोहात मिटत नाही. ती मुदतीनंतर परत करायची असते. फिक्हमध्येही इजारा, म्हणजे भाड्याचा व्यवहार, दुरुस्त होण्यासाठी जागेचा उपयोग, मुदत आणि भाडे हे तिन्ही आधी स्पष्ट ठरलेले असावे लागते. "राहा, पुढे बघू" यात यातले एकही नाही.

हेवी डिपॉझिटचा मोह

यंदा पुन्हा शोध सुरू केला तेव्हा एकाने सांगितले, "तीन लाख डिपॉझिट द्या, भाडे काहीच नको. मुदत संपली की पूर्ण रक्कम परत." मुंबई-ठाणे परिसरात हे नेहमीचेच आहे आणि ऐकायला फायद्याचे वाटते. पण ही रक्कम मालक वापरतो, म्हणजे ते कर्जच झाले. आणि त्या कर्जाच्या बदल्यात जागा फुकट मिळते. कर्जावर घेतलेला लाभ म्हणून अनेक उलेमा याला सूद मानतात. मोठी अनामत देऊन भाडे नावापुरते ठेवले तरी हीच शंका उरते. असा व्यवहार करण्यापूर्वी आपल्या जवळच्या मुफ्तींना जरूर विचारावे. शिवाय मालकाने पैसे खर्चून टाकले, तर परत मिळेपर्यंत आपण अडकलो.

ठाण्यात को-वर्किंगच्या जागाही पाहिल्या. तिथे दिवसावर किंवा महिन्यावर खुर्ची मिळते. वीज, इंटरनेट त्यातच. लॅपटॉपवर एकट्याने काम करणाऱ्याला ते सोयीचे आहे. मात्र सांगितलेल्या दरावर बहुधा 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो, ग्राहकांना बसवायच्या खोलीचे तासाने पैसे पडतात आणि किमान मुदतीची अटही असू शकते. जुहरच्या नमाजसाठी कोपरा आणि वुजूची सोय आहे का, हे आम्ही विचारले. कुठे हसून हो म्हणाले, कुठे उत्तर टाळले. भाचीचे ग्राहक मात्र कौशातले. शंभर रुपयांची रिक्षा करून ते ठाण्याला कशाला येतील?

शेवटी जागा गल्लीतच सापडली. एका डॉक्टरांचा स्वतःच्या मालकीचा दवाखाना संध्याकाळी सहाला उघडतो, दिवसभर कुलूप. असा शोध इतरांनीही घ्यावा: शिकवणीचे वर्ग, दवाखाने, वकिलांच्या कचेऱ्या अर्धा दिवस बंदच असतात. मात्र देणारा स्वतः भाडेकरू असेल, तर मूळ मालकाची लेखी परवानगी आधी घ्यावी, नाहीतर दोघेही रस्त्यावर येतील.

या वेळी करार नोंदवला. त्यात सकाळी 10 ते 4 ही वेळ, चार महिन्यांची मुदत, 6,000 रुपये भाडे आणि तितकीच अनामत लिहिली. विजेचा वाटा, ग्राहकांच्या कागदांसाठी कुलपाचे कपाट, मध्येच सोडायचे झाल्यास दोघांनाही एक महिन्याची सूचना आणि अनामत किती दिवसांत परत करायची, तेही लिहिले. पैसे बँकेतून दिले. भाडे व्यवसायाच्या खर्चात दाखवायलाही त्याचा उपयोग होतो. एकट्याने काम करणाऱ्याला शॉप अ‍ॅक्टचा परवानाही लागत नाही, 2017 च्या कायद्यानुसार फक्त ऑनलाइन सूचना पुरते.

सही करताना डॉक्टरसाहेब म्हणाले, "बेटा, बरे झाले लिहून घेतलेस. उद्या मी नसलो तर माझ्या मुलांना कळायला हवे की तुझी अमानत आमच्याकडे आहे."

सासूबाई आता दुपारी बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी पडून असतात. त्या 15,000 रुपयांसाठी आम्ही अजून फेऱ्या घालतो. पण आमच्याच ओळखीने गेलेले पैसे आहेत, मग तक्रार कोणाकडे करायची?