गुडघ्यातील सुई

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील कितीतरी घरांना कुलपे लागतात. गेवराई तालुकाही त्याला अपवाद नाही. कोयते, भांडीकुंडी आणि लेकरे घेऊन जोडपी उसाच्या फडाकडे निघतात. अशाच दिवसांत चकलांब्याला गेलो असताना ओळखीच्या एका काकूंनी गुडघा चोळीत मला विचारले, ‘‘भाऊ, सुई घेतली तर एवढा हंगाम निघंल का?’’

वाचकहो, प्रश्न सोपा दिसतो, पण उत्तर तसे नाही. गुडघ्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. वय, वजन, जुनी दुखापत, वर्षानुवर्षांचे ओझे यांनी ते झिजते. मग सांधा सुजतो आणि ठणकतो. कॉर्टिसोनच्या कुळातील औषध सांध्यात टोचले की सूज ओसरते. कॉर्टिसोनवरील कामाबद्दल हेंच, केंडॉल व राइशस्टाइन यांना 1950 साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या डॉ. हॉलंडर यांनी हे औषध थेट सांध्यात देण्याचे अनुभव प्रसिद्ध केले.

आराम पडतो, हे खरेच. पण तो बहुधा काही आठवड्यांचा! झिजलेले अस्तर त्याने भरून येत नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 140 रुग्णांपैकी निम्म्यांना दर तीन महिन्यांनी ही सुई दिली, उरलेल्यांना नुसते मिठाचे पाणी. दोन वर्षांनी दुखण्यात विशेष फरक नव्हता. औषधवाल्यांची कूर्चा मात्र अधिक झिजली होती. ‘वंगणाची’ म्हणून दिली जाणारी महागडी सुई निराळी. तिचे द्रव्य कोंबड्याच्या तुऱ्यापासूनही काढतात, पण गुण पैशांच्या मानाने तोकडाच.

मधुमेह्यांची साखर सुईनंतर काही दिवस चढते. क्वचित सांध्यात पू होतो. ताप येऊन गुडघा लालबुंद सुजला तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

मी काकूंना म्हटले, ‘‘सुईने दुखणे दबेल. तेवढ्या दिवसांत मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम करून घ्यायचा. पण तुम्ही तर मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणार! दुखणे कळलेच नाही, तर गुडघा थांबा म्हणून सांगणार कसा? यंदा घरीच राहता येणार नाही का?’’

काकूंनी लुगड्याचा पदर सारखा केला.

‘‘राहिले असते, भाऊ. पण मुकादमाची उचल घेतलीय. पोरीच्या लग्नात गेली बी ती.’’