सर्व्हर केवढा हवा?

संशोधनाची अवजारे : लेखांक ९

संस्थेत रेडकॅप बसवायचे ठरले की पहिला कागद निघतो तो खरेदीचा. प्रोसेसर किती कोअरचा, रॅम किती, डिस्क किती टीबीची, वॉरंटी तीन वर्षांची की पाच. मग जेम पोर्टल, कोटेशन, तुलनात्मक तक्ता, लेखा विभागाची सही. कागद फिरत राहतो आणि एक दिवस एसी खोलीत एक भारदस्त यंत्र येऊन बसते. त्यातली बहुतेक ताकद पुढची पाच वर्षे नुसती वीज खाते. ज्या गोष्टींमुळे अभ्यास खरोखर अडतो, त्यांचा मात्र त्या कागदावर साधा रकानाही नसतो.

रेडकॅप हे संशोधनाचा डेटा गोळा करणाऱ्या प्रणालीचे नाव वैद्यकीय संशोधनात आता नवे राहिलेले नाही. अमेरिकेत नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात पॉल हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ते तयार केले. डॉक्टरला किंवा संशोधकाला प्रोग्रामरची वाट न पाहता आपला फॉर्म आपणच बनवता यावा आणि त्यात भरलेली प्रत्येक गोष्ट कोणी, केव्हा भरली याची नोंद राहावी, एवढाच मूळ हेतू. आज शंभराहून अधिक देशांतल्या हजारो संस्था ते वापरतात. ना-नफा संस्थांना ते फुकट मिळते, पण ते मुक्त-स्रोत नाही. व्हँडरबिल्टशी करार करावा लागतो आणि मिळालेला कोड दुसऱ्याला देता येत नाही. करार झाला की पुढचे सगळे आपल्याकडे. सर्व्हर आपला, डेटा आपला आणि मध्यरात्री काही बंद पडले तर जागरणही आपलेच.

मागणी तशी माफक आहे. वेब सर्व्हर (अपाची किंवा मायक्रोसॉफ्टचा आयआयएस), पीएचपी, मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी, ईमेल पाठवण्याची सोय आणि दर मिनिटाला आपोआप चालणारे एक काम, ज्याला लिनक्सवाले क्रॉन म्हणतात. जुन्या डेस्कटॉपवरही हे चालू होते. म्हणून ‘केवढा’ या प्रश्नाचे उत्तर डेटा कसा साठतो ते पाहिल्याशिवाय देता येत नाही.

एक्सेलमध्ये एका रुग्णाची एक आडवी ओळ असते. रेडकॅपमध्ये प्रत्येक उत्तराची स्वतंत्र ओळ असते: कुठला प्रकल्प, कुठली भेट, कुठला रुग्ण, कुठला प्रश्न आणि उत्तर काय. समजा मधुमेहाचा एक अभ्यास आहे. रुग्ण ५००, प्रत्येकाच्या भेटी ४, प्रत्येक भेटीत २०० प्रश्न. झाल्या ४ लाख ओळी. आकडा ऐकून खरेदी समिती दचकते. पण ओळीला १०० बाइट धरले तर हा सगळा पसारा ४० एमबीचा, इंडेक्स धरून सव्वाशे एमबीच्या आतबाहेर. फोनवर काढलेला दीड-दोन मिनिटांचा व्हिडिओही एवढी जागा घेतो. प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा लॉगचा तक्ता बहुधा मूळ डेटापेक्षा जाड होतो. तो दुप्पट धरला तरी असे शंभर अभ्यास मिळून चाळीस जीबीच्या आत राहतात.

डिस्क भरते ती फायलींनी. सीटी स्कॅनचा एक काप म्हणजे ५१२ गुणिले ५१२ बिंदू, प्रत्येक बिंदूला दोन बाइट, म्हणजे अर्धा एमबी. तपासणीत असे ३०० काप असले तर दीडशे एमबी. वरच्या ५०० रुग्णांचे एकेक सीटी कोणी उत्साहाने रेडकॅपवर चढवले, तर ७५ जीबी गेले. म्हणजे आकड्यांच्या शंभर अभ्यासांपेक्षा एक चित्रांचा अभ्यास जड. त्यामुळे डिस्क ठरवताना रुग्ण किती हे विचारून फारसे हाती लागत नाही. एक्स-रे, सीटी, सह्या केलेली संमतीपत्रे यांतले काय काय चढवणार, हे आधी विचारावे. स्कॅन रेडिऑलॉजीच्या पॅक्स प्रणालीत राहू द्यावेत आणि रेडकॅपमध्ये फक्त त्यांचा क्रमांक ठेवावा, हा बहुतेक ठिकाणी शहाणपणाचा मार्ग. जे चढवायचेच त्याचे फोल्डर वेबसाइटच्या फोल्डरबाहेर असले पाहिजे. नाहीतर पत्ता अचूक लिहिणाऱ्या कोणालाही एखाद्या रुग्णाचे संमतीपत्र ब्राउझरमध्ये उघडता येईल.

रॅमचा हिशेब खात्यांवरून करू नये. खाती तीनशे असली तरी एका क्षणी ‘सेव्ह’ दाबणारे पंधरा-वीसच असतात. पीएचपीच्या एका प्रक्रियेला साठ ते शंभर एमबी धरली तर वीस जणांना दोन जीबी पुरतात. खरी भूक डेटाबेसला असते आणि तिथेच कंजुषी होते. मायएसक्यूएलमधल्या इनोडीबीने वारंवार लागणारा डेटा जिथे ठेवायचा, त्या स्मृतीचे मूळ माप फक्त १२८ एमबी आहे. चौसष्ट जीबी रॅमचे यंत्र आणून हे माप तसेच ठेवले, तर डेटाबेस त्या चौसष्टांपैकी १२८ एमबीतच संसार करत बसतो. हे माप तीन-चार जीबी केले तर चार कोअर आणि आठ जीबीचा साधा सर्व्हर मध्यम आकाराच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आरामात पुरतो. ताण येतो तो दोनच वेळी. एक, कोणीतरी अख्ख्या अभ्यासाची सीएसव्ही मागते तेव्हा. दुसरा, पाच हजार जणांना सर्वेक्षणाची लिंक एकाच वेळी जाते तेव्हा. लिंका टप्प्याटप्प्याने पाठवणे नवा सर्व्हर घेण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

पीएचपीच्या मूळ सेटिंगांतही असेच खड्डे आहेत. अपलोडची मर्यादा २ एमबी असते, त्यामुळे एक्स-रेचा बरा फोटोही चढत नाही. हे निदान लगेच कळते, कारण संशोधक फोन करतो. पण एका फॉर्ममधून येणाऱ्या रकान्यांची मूळ मर्यादा १००० आहे, आणि ती ओलांडली की पीएचपी उरलेले रकाने सोडून देते आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये एक इशारा टाकून पुढे जाते. आहाराची लांबलचक प्रश्नावली, शेकडो चेकबॉक्स, शेवटच्या पानावरची उत्तरे गायब, आणि भरणाऱ्याला वाटते की सगळे जमा झाले. रेडकॅपच्या स्वतःच्या तपासणी-पानावर अशा सेटिंगांची छाननी होते. ते पान बसवण्याच्या दिवशी एकदा पाहून चालत नाही, पीएचपीची आवृत्ती बदलली की पुन्हा पाहावे लागते.

घड्याळाचेही तेच. भाड्याने घेतलेले क्लाउड सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले मिळतात, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. ते तसेच राहिले तर पहाटे चारला प्रसूती कक्षात भरलेल्या नोंदीवर आदल्या दिवसाची तारीख पडते. पीएचपीची वेळ आणि डेटाबेसची वेळ, दोन्ही तपासाव्या लागतात. हा आता केवळ नीटनेटकेपणाचा मुद्दा नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सर्व्हरची घड्याळे प्रमाणित वेळेशी जुळवलेली हवीत, लॉग १८० दिवस जपायला हवेत आणि सायबर हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायला हवी. सहा तासांत कळवायचे तर घटना कोणाच्या तरी लक्षात यायला हवी. रविवारी ते काम कोणाचे, याचे उत्तर संस्थेने आधीच लिहून ठेवलेले बरे.

मराठीत फॉर्म करणाऱ्यांची आणखी एक गरज आहे. मायएसक्यूएलच्या ८.० पूर्वीच्या आवृत्त्या मुळात लॅटिन-१ अक्षरसंच धरून चालत. तशा तक्त्यात देवनागरी उत्तर भरले की बाहेर प्रश्नचिन्हांची रांग येते आणि गेलेला मजकूर परत मिळत नाही. म्हणून डेटाबेस पहिल्या दिवसापासून यूटीएफ-८, तोही चार बाइटचा हवा. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘आरोग्य’ या शब्दाला अठरा. डिस्कच्या मापात हे काहीच नाही, पण एसएमएसच्या बिलात ते दिसते: रोमन लिपीतला संदेश १६० अक्षरांचा, तर देवनागरीतला ७० चिन्हांचा, आणि काने-मात्राही त्यातच मोजल्या जातात. ‘आपली पुढील तपासणी मंगळवारी आहे’ एवढे लिहून रुग्णालयाचे लांबलचक नाव घालेपर्यंत दुसरा संदेश सुरू होऊ शकतो. शिवाय ट्रायच्या नियमांमुळे संस्थेचे नाव आणि संदेशाचा साचा दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी मंचावर आधी नोंदवावा लागतो. ही नोंदणी अभ्यास सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात आठवून उपयोग नाही.

राहिले ईमेल आणि क्रॉन. अभ्यास अडतो तो बहुतेक वेळा या दोघांपाशी.

क्रॉन थांबला तर पडद्यावर काहीही बिघडत नाही. लॉगिन होते, फॉर्म उघडतात, सेव्ह होतात. फक्त ठरलेल्या दिवशी जाणारी निमंत्रणे आणि सूचना जात नाहीत. प्रशासकाच्या पानावर इशारा येतो, पण ते पान कोणी उघडले तर. ईमेलची गत त्याहून अवघड आहे, कारण ते पाठवले जाते, पण पोहोचत नाही. गुगल क्लाउड पोर्ट २५ वरून बाहेर जाणारी वाट बंदच ठेवते, ॲमेझॉन तिच्यावर मुळातच निर्बंध घालते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी नियम कडक केले. पत्र खरोखर आपल्याच डोमेनवरून आले हे पटवणाऱ्या एसपीएफ किंवा डीकेआयएम या नोंदी डोमेनवर नसतील तर पत्र स्पॅममध्ये जाते किंवा परत येते आणि दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्याला डीमार्कही लागते. सर्वेक्षणाला प्रतिसाद कमी आला की संशोधक प्रश्नावलीला दोष देतो. निमंत्रण स्पॅममध्ये पडले होते हे नंतर कळते.

क्रॉन, ईमेल आणि बॅकअप हे तिन्ही एकाच रात्री कसे दगा देऊ शकतात, याचे उदाहरण गिटलॅब या कंपनीने स्वतःच जगापुढे ठेवले. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसायला घेतली. चूक लक्षात येऊन हात थांबेपर्यंत सुमारे ३०० जीबी डेटा गेला होता. बॅकअपचे एक ना अनेक उपाय कागदावर होते. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्यामुळे तो काम अर्धवट सोडत होता. तसे झाल्यास क्रॉनने ईमेल करायचे, अशी सोयही होती. क्रॉन ईमेल करतही होता, पण ती पत्रे डीमार्कच्या कसोटीत बसत नसल्याने परत फेकली जात होती. शेवटी एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी घेतलेली प्रत हाती लागली, म्हणून बरेच वाचले. मधल्या सहा तासांतल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. पगारी अभियंत्यांची फौज असलेल्या कंपनीची ही कथा. जिथे सर्व्हर पाहणारा माणूस प्रोजेक्टर आणि वाय-फायही पाहतो, तिथल्या बॅकअपची कल्पनाच न केलेली बरी.

रेडकॅपच्या बॅकअपमध्ये तीन गोष्टी लागतात आणि बहुतेक जण पहिलीच घेतात. डेटाबेसची प्रत, अपलोड झालेल्या फायलींचे फोल्डर आणि डेटाबेसची जोडणी सांगणारी छोटी डेटाबेस डॉट पीएचपी फाइल. हिच्यात ‘सॉल्ट’ नावाचे एक गुप्त मूल्य असते. ओळख झाकून डेटा बाहेर काढताना ते वापरले जाते. ते बदलले तर आज काढलेल्या फायलीतले रुग्णक्रमांक गेल्या वर्षीच्या फायलीशी जुळणार नाहीत. मोजक्या ओळींची फाइल, पण ती हरवली की दोन वर्षांचे विश्लेषण जोडता येत नाही. प्रती यंत्राबाहेर असाव्यात आणि निदान एक प्रत मुख्य सर्व्हरवरून पुसता येणार नाही अशा जागी. बॅकअप प्रणालीच डेटा खाऊ शकते, हे क्योतो विद्यापीठाने डिसेंबर २०२१ मध्ये अनुभवले. बॅकअपच्या स्क्रिप्टमधल्या दोषामुळे त्यांच्या महासंगणकाच्या साठ्यातल्या सुमारे ३ कोटी ४० लाख फायली, ७७ टीबी, पुसल्या गेल्या. चौदा संशोधन गटांना त्याचा फटका बसला.

म्हणून निविदेत एकच मोठा सर्व्हर मागण्याऐवजी दोन लहान मागावेत. दुसरा चाचणीसाठी, दोन कोअर आणि चार जीबीचाही चालेल. महिन्यातून एकदा मुख्य सर्व्हरचा बॅकअप त्याच्यावर उतरवायचा आणि कोणत्याही एका अभ्यासातले दहा रुग्ण उघडून पाहायचे. उतरला नाही तर तो बॅकअप नव्हता, हे त्याच दिवशी कळते. उतरला तर त्याच यंत्रावर नवी आवृत्ती आधी चढवून पाहता येते. रेडकॅपच्या आवृत्त्या दोन वाटांनी येतात: वारंवार नव्या सोयी घेऊन येणारी आणि फक्त दुरुस्त्या घेत जाणारी दीर्घ मुदतीची. लहान संस्थेने दुसरीच धरावी. प्रत्येक आवृत्ती आपल्या वेगळ्या फोल्डरात बसते आणि जुनी तिथेच शेजारी राहते. पण डेटाबेसचे तक्ते मात्र अपग्रेडच्या वेळी बदलतात, त्यामुळे जुन्या फोल्डरकडे नुसते बोट दाखवून मागे फिरता येत नाही. तो सगळा प्रवास, आधीच्या प्रतीपासून लोकांना ‘आज रात्री दहा ते अकरा बंद’ असे कळवण्यापर्यंत, पुढच्या आठवड्यात.